पूज्य साने गुरुजी आणि पंढरीचे महाद्वार

श्रीविठ्ठलाच्या दर्शनरांगेत आज कोणासही जात विचारली जात नाही. १९४७ पूर्वी तसे नव्हते. संतश्रेष्ठ चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. परंतु त्यांच्या ज्ञातिबांधवांना शतकानुशतके बाहेरूनच हात जोडून परतावे लागे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेर येथील शिक्षकाची नोकरी सोडून १९३० मध्ये ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींची गीता-प्रवचने त्यांनीच लिहून घेतली, हे पुष्कळ भाविकांस ठाऊक नसेल.

पंढरीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले. अनेक गावांनी आपली देवळे व पाणवठे खुले केले. पंढरीचे द्वार मात्र उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. सनातनी मंडळींचा विरोध प्रखर होता. परंपरेविषयीची त्यांची निष्ठाही प्रामाणिक होती, हे नमूद करणे न्यायाचे होईल. अपुऱ्या माहितीमुळे खुद्द महात्माजींनीही उपोषण थांबविण्याविषयी तार केली. गुरुजी ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

११ जून १९५० रोजी गुरुजींची जीवनयात्रा संपली. पंढरपुरास जाणाऱ्या भाविकांनी श्रींच्या दर्शनानंतर तनपुरे महाराजांच्या मठातही अवश्य जावे.