तेराची तार

आमच्या घरात गिटार आली ती दादामुळे. मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या घरात, भोपळ्यांच्या थप्प्या पाहत वाढलेल्या मुलाने विजेवर वाजणारी गिटार आणावी हे आजोबांना पंथ सोडल्यासारखेच वाटले होते. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून दादाने ती जुनी घेतली, चार वर्षे जिवापाड जपली आणि पुण्याला नोकरी लागली तेव्हा माझ्या हवाली केली. पुढे त्या गिटारचे मी जे केले ते सांगायचे, तर आधी दुसऱ्याच एका धाकट्या भावाची हकीकत सांगावी लागेल.

त्याचे नाव स्टीव्ही रे वॉन. जन्म ३ ऑक्टोबर १९५४, अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या डलास शहरी, ओक क्लिफ नावाच्या वस्तीत. वडील ॲस्बेस्टॉसच्या कामावर रोजंदारी करणारे, तापट आणि पिणारे. घर सतत या गावाहून त्या गावी हलणारे. थोरला भाऊ जिमी साडेतीन वर्षांनी मोठा. गिटार आधी त्याच्या हातात आली. धाकट्याला वयाच्या सातव्या वर्षी मिळाली ती खेळण्यातली. मग जिमी मोठी वाद्ये घेत गेला आणि त्याने टाकलेली, उरलेली वाद्ये स्टीव्हीकडे येत गेली. भावाने आणलेल्या तबकड्या ऐकायच्या, भाऊ बाहेर गेला की त्याच्या गिटारला हात लावायचा आणि सापडल्यास मार खायचा, असे हे शिक्षण. कुणी गुरू नाही, गंडा नाही, स्वरलिपी तर जन्मभर वाचता आली नाही. जिमी पंधराव्या वर्षीच घर सोडून एका वाद्यवृंदात गेला आणि स्टीव्ही मागे उरला. धाकट्या भावांना हे मागे उरणे चांगले ठाऊक असते.

पोटासाठी तो काही दिवस एका खाद्यगृहात भांडी घासत असे. एकदा वापरलेल्या तेला-तुपाच्या पिंपात तो पडला, बाहेर निघाला तो नोकरी सोडूनच, आणि पुन्हा गिटारखेरीज दुसरे काम म्हणून केले नाही. शाळाही अर्धवट टाकली. सतराव्या वर्षी तो ऑस्टिनला आला. पुढची दहा वर्षे म्हणजे लहान लहान क्लब, बदलते साथीदार आणि उधारीची राहणी. १९७८ मध्ये त्याच्या मंडळीने डबल ट्रबल हे नाव घेतले. ते ऑटिस रश या ब्लूज गायकाच्या एका गाण्यावरून. ढोलांवर ख्रिस लेटन, आणि १९८१ पासून बास गिटारवर टॉमी शॅनन. बस, तिघेच.

याच ऑस्टिनमध्ये १९७४ च्या सुमारास एका वाद्यांच्या दुकानात त्याने आपल्याकडची गिटार देऊन एक जुनी, घासलेली, रंग उडालेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. दुकानदाराला म्हणे नवल वाटले, की एवढ्या वाद्यांत याला हेच भंगार कसे आवडले! तिलाच तो पुढे नंबर वन म्हणू लागला.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गिटार त्याने ज्या तारांनी जुंपली होती, त्या तारा ऐकूनच जाणकार कानाला हात लावत.

गिटारच्या तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. नऊची तार म्हणजे नऊ हजारांश इंच, म्हणजे मिलिमीटरचा पाव भागही नाही. आज बहुतेक नवशिके नऊचा किंवा दहाचा संच लावतात. संचाचे नाव पहिल्या, सर्वांत बारीक तारेवरून पडते. स्टीव्हीची पहिली तार तेराची. पुढे पंधरा, एकोणीस, अठ्ठावीस, अडतीस आणि सर्वांत जाड तार अठ्ठावन्नची. नऊ आणि तेरा यांत फरक तो काय, चार हजारांश इंच, असे मलाही वाटले होते. पण तारेचे वजन तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्याच लांबीवर तोच सूर हवा असेल तर ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. नऊचा वर्ग एक्याऐंशी, तेराचा एकशे एकोणसत्तर. म्हणजे ताण दुपटीहून अधिक. स्ट्रॅटोकास्टरवर घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच. तेवढ्या लांबीवर पहिल्या तारेचा नेहमीचा सूर, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन, लावला की नऊची तार सुमारे सहा किलोचा ताण घेते आणि तेराची बारा किलोच्या वर जाते. सहाही तारा मिळून हा भार नऊच्या संचात चाळीस किलोच्या आत, तर त्याच्या संचात साठाच्या वर. हा सगळा भार लाकडाची दांडी सोसत असते.

आणि ब्लूज म्हटले की तार नुसती दाबून भागत नाही, ती पडद्यावर आडवी ओढावी लागते. आपण सतारीवर मींड काढतो तीच ही क्रिया. एका पडद्यावरून वरचा सूर, त्याच्याही वरचा सूर खेचून काढायचा. नऊच्या तारेवर हे काम एका बोटाचे, तेरावर तीन बोटे एकत्र लावूनही मनगट बोलू लागते.

मग माणूस जाड तार लावतो तरी कशाला? आवाजासाठी. जाड तारेत पोलाद अधिक. ती तारेखालच्या चुंबकापुढे थरथरते तेव्हा विजेचा प्रवाहही अधिक उठतो. शिवाय जोराने आघात केला तरी ती लटपटत नाही, सुरातून घसरत नाही. स्टीव्हीचा उजवा हात हातोड्यासारखा पडे. बारीक तारा त्या हाताखाली टिकल्या नसत्या. पण त्याने दोन तोडगेही केले होते, आणि मला ते फार उशिरा कळले. पहिला, तो सगळी गिटार अर्धा सूर उतरवून लावत असे. पांढरी तीनऐवजी काळी दोन. एवढ्याने ताण दर शंभरात अकराने उतरतो. त्याच्या आधी जिमी हेन्ड्रिक्सही असाच उतरवून वाजवत असे, पण त्याची पहिली तार दहाची. दुसरा तोडगा, त्याने गिटारवर उंच, रुंद पडदे बसवून घेतले होते. त्यामुळे बोटाचे टोक लाकडाला न टेकता तारेच्या खाली जाऊन तिला पकडू शके.

सगळ्यांनी असेच केले असे मात्र नाही. टोनी आयोमी या इंग्लिश वादकाची दोन बोटांची टोके १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्याला बारीक तारांवाचून गत्यंतर नव्हते, आणि तसे संच मिळत नसल्याने त्याने बँजोच्या तारा गिटारला चढवल्या. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल याने १९६२ मध्ये दहाचे हलके संच विकायला काढले, त्यापूर्वी बाजारात मिळे ते जाडच. अल्बर्ट किंग, ज्याला स्टीव्ही दैवत मानी, तो आपल्या तारा पुष्कळ उतरवून, सैल ठेवून ओढत असे. टेक्सासचाच बिली गिबन्स तर सात-आठच्या केसासारख्या तारांवर जाडजूड आवाज काढतो. तेव्हा जाड तारेशिवाय भरदार आवाज नाही हे खरे नव्हे. स्टीव्हीच्या हाताला ती मानवली, एवढेच.

मानवली तरी फुकट नव्हे. बोटांची कातडी फाटत असे. मग तो जखमेवर झटपट चिकटणारा डिंक ओते, बोट दंडाच्या कातडीला चिकटवी आणि ओढून काढी, म्हणजे बोटावर उसनी कातडी बसे. त्या रात्रीचे वाजवणे पार पडे. हे वाचले तेव्हा मला भारी वाटले होते. आता वाचवत नाही. त्याची वाद्ये सांभाळणाऱ्या रेने मार्टिनेझने पुढे समजावून त्याची पहिली तार कधी बाराची, कधी अकराची केली.

१७ जुलै १९८२ रोजी स्वित्झर्लंडमधील माँट्रोच्या संगीतोत्सवात हे तिघे उभे राहिले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही तबकडी नव्हती. ती रात्र शांत, बिनविजेच्या ब्लूजची होती आणि यांचा आवाज त्या श्रोत्यांना सोसला नाही. सभागृहातून हुर्यो उठली. स्टीव्ही खचून खाली उतरला. पण श्रोत्यांत डेव्हिड बोवी होता. त्याने आपल्या नव्या तबकडीसाठी स्टीव्हीला न्यूयॉर्कला बोलावले. जॅक्सन ब्राउनने त्यांना लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ विनामूल्य वापरायला दिला. तिथे नोव्हेंबर १९८२ मध्ये दोन-तीन दिवसांत जे वाजवले, तेच पुढे १९८३ च्या जूनमध्ये ‘टेक्सास फ्लड’ म्हणून बाहेर पडले. बोवीबरोबरच्या जगभराच्या दौऱ्यातून त्याने ऐन वेळी अंग काढले. त्यात पैशाचा प्रश्न होताच, पण आपल्या दोन साथीदारांना सोडून जायचे नव्हते हेही होते. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत धीट निर्णय. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच माँट्रोने त्याला डोक्यावर घेतले. त्याआधी ४ ऑक्टोबर १९८४ ला, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला. त्या रात्री थोरला जिमीही मंचावर होता.

यशाबरोबर व्हिस्की आणि कोकेनही वाढले. २७ ऑगस्ट १९८६ रोजी वडील वारले. महिन्याभराने जर्मनीत तो कोसळला. लंडनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाची दशा सांगितली. तिथून तो अटलांटाच्या रुग्णालयात भरती झाला, आणि टॉमी शॅनन त्याच सुमारास ऑस्टिनमध्ये. बाहेर आला तो व्यसन सोडून. ते त्याने अखेरपर्यंत पाळले. १९८९ ची ‘इन स्टेप’ ही तबकडी या मोकळ्या झालेल्या माणसाची आहे. ग्रॅमी मिळाले म्हणून म्हणत नाही, पण तिच्यातले शेवटचे, शब्दांवाचूनचे वादन मी रात्री दिवा मालवून ऐकतो. त्यात जोर नाही, घाईही नाही.

आता माझा पराक्रम. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात वाजवायचे ठरले आणि मी ठरवले की स्टीव्हीचा आवाज हवा तर स्टीव्हीची तार हवी. तेराचा संच मागवला, दादाच्या नऊच्या तारा काढल्या आणि नव्या तारा चढवून थेट पांढरी तीनला ताणल्या. काळी दोनची गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. खाचेत तार नीट बसेना म्हणून कानशीने खाच रुंद केली. दोन दिवसांत घोडी पुढे झुकली, आठवड्यात दांडी धनुष्यासारखी वाकली आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या की दाबता दाबता डोळ्यांत पाणी यावे. मी सरावाचा जोर वाढवला. संमेलनात तिसऱ्याच ओळीला वरचा सूर ओढायला गेलो, तो अर्ध्या वाटेवरच राहिला. सूर कमी पडला आहे हे मागच्या रांगेतल्या मुलालाही कळले असेल. त्यानंतर अडीच महिने डाव्या मनगटाला पट्टा होता.

मनगटाचे दुखणे मी दादाला कळवले, दांडीचे नाही.

गल्लीतल्या एका वृद्ध कारागिरांना गिटार दाखवायला नेली. परदेशी वाद्याला हात लावायला ते आधी राजी नव्हते. मग त्यांनी दांडी डोळ्यासमोर धरून बाण पाहावा तशी पाहिली, बोटांच्या दोन चिमटींत तार धरून जाडी सांगितली आणि ती चुकली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की तार निवडताना आधी लाकूड पाहावे, मग घोडी, मग वाजवणाऱ्याचा हात, आवाज शेवटी. मी नेमके उलटे केले होते.

खुद्द नंबर वनचीही दांडी झिजलीच होती. पडदे इतक्यांदा काढले-घातले की पुढचे पडदे धरायला लाकूड उरले नाही, आणि दांडी बदलावी लागली. जुलै १९९० मध्ये न्यू जर्सीच्या रंगमंचावर वरचे सामान कोसळले आणि बदललेली दांडीही मोडली. ती पुन्हा नवी बसवून तो पुढच्या गावाला गेला.

त्या वर्षी दोघा भावांनी प्रथमच एक आख्खी तबकडी मिळून केली होती. लहानपणी ज्याच्या गिटारला हात लावायची चोरी, त्याच्याच खांद्याला खांदा लावून वाजवायचे! ती बाजारात यायची होती. २६ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमधील अल्पाइन व्हॅली येथे एरिक क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे आणि दोघे वॉन बंधू शेवटी एकत्र वाजले. मध्यरात्रीनंतर धुके होते. हेलिकॉप्टरने थोरल्या भावाबरोबर शिकागोला जायचा बेत होता, पण एकच जागा निघाली आणि धाकट्याने ती मागून घेतली. हेलिकॉप्टर जवळच्याच टेकडीवर आदळले. आतले पाचही जण गेले. तारीख होती २७ ऑगस्ट, वडिलांचीच. वय पस्तीस. पुढच्या महिन्यात तबकडी आली. नंबर वन, तिची मूळची झिजलेली दांडी परत बसवून, जिमीकडे राहिली.

दिवाळीला दादा आला. गिटार कोनाड्यात, पिशवीत, भिंतीकडे तोंड करून होती. त्याने ती काढली, खालून वर एकदा दांडी पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी तोंडाने सांगणार होतो ते सगळे त्याला दिसले होते. त्याने तारा एकेक सैल करून काढल्या, दांडीच्या आतल्या लोखंडी सळईला किल्ली लावून पाव-पाव फेरा देत दोन दिवसांत बाक बराच घालवला, आणि खाचेची नवी पट्टी बसवली. मग बॅगेतून दहाचा संच काढून चढवला. लावताना त्याने मला पेटीवर सूर धरायला सांगितले. मी सवयीने पांढरी तीन दाबली. त्याने मान हलवली आणि माझे बोट उचलून काळी दोनवर ठेवले.

पाचव्या पडद्याशी दांडीला अजून किंचित पीळ आहे, तिथे एक तार कुरकुरते. तेराची तार आईने देवघरातली मोठी तसबीर टांगायला घेतली.