ज्वालामुखीची काच खनिज का नाही? फुटलेल्या दगडात उत्तर शोधणारे आवी

नैसर्गिक बर्फ हे खनिज आहे. पण ज्वालामुखीतून बाहेर पडलेली काळी काच, म्हणजे ऑब्सिडियन, खनिज नाही. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, तरी खनिजे दोन. असे का? उत्तर पदार्थाच्या आतल्या रचनेत आहे. ती रचना पाहण्याचे कोणतेही साधन नसताना तिचा माग काढला रेने ज्यूस्त आवी या फ्रेंच धर्मगुरूंनी.

विणकराचा मुलगा

आवी यांचा जन्म १७४३ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये एका गरीब विणकराच्या घरी झाला. शिकून ते पॅरिसमध्ये शिक्षक आणि धर्मगुरू झाले. आवड मात्र वनस्पतिशास्त्राची. एका जातीच्या फुलांची ठेवण सारखीच असते; मग एकाच खनिजाचे स्फटिक इतक्या निरनिराळ्या आकारांचे का, हा प्रश्न त्यांना पडला.

हातातून दगड निसटला

एका संग्राहकाकडे पाहत असलेला कॅल्साइटचा नमुना त्यांच्या हातून पडून फुटला, असे सांगितले जाते. मूळ स्फटिक सहा बाजूंचा होता, पण फुटलेल्या तुकड्याचे पृष्ठ गुळगुळीत आणि ठरावीक कोनात तिरपे होते. आवी यांनी मग स्वतःच्या संग्रहातले वेगवेगळ्या आकारांचे कॅल्साइट फोडून पाहिले. प्रत्येकातून शेवटी तसाच तिरपा ठोकळा निघाला.

एकाच मापाच्या विटांतून भिंत होते आणि पायऱ्याही होतात. स्फटिकही असेच सूक्ष्म, एकसारख्या घटकांच्या रांगा रचून बनतात, असे त्यांनी मांडले आणि त्याला गणिताची जोड दिली. १७८३ मध्ये त्यांना फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत स्थान मिळाले.

तुरुंगाच्या दारातून परत

फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारनिष्ठेची शपथ न घेतल्याने १७९२ मध्ये त्यांना कैद झाली. तरुण शास्त्रज्ञ जोफ्र्वा सेंतिलेर यांनी धावपळ करून त्यांची सुटका करवली. काही दिवसांतच तिथल्या अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली.

१८०१ मध्ये आवी यांचा खनिजशास्त्रावरील मोठा ग्रंथ आला. खनिजाची जात रंगावरून नव्हे, तर मूळ घटकाचा आकार आणि रासायनिक घडण या दोन्हींवरून ठरवावी, असा त्यांचा आग्रह होता. १८२२ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आज खनिज कशाला म्हणतात?

* निसर्गात तयार झालेला पदार्थ
* साधारणपणे घन आणि अजैविक
* ठरलेली रासायनिक घडण (थोडाफार फरक चालतो)
* अणूंची शिस्तबद्ध, पुन्हा पुन्हा येणारी मांडणी

काच शेवटच्या अटीवर अडते, कारण तिच्यातल्या अणूंना अशी मांडणी नसते. हिरा आणि ग्रॅफाइट यांत अणू तेच, पण मांडणी निराळी.

आवी यांचे सगळेच बरोबर नव्हते. त्यांच्या कल्पनेतल्या भरीव विटा प्रत्यक्षात नसतात. असते ती अणूंची मांडणी. १९१२ मध्ये क्ष-किरणांनी ती उघड केली आणि आतल्या शिस्तीबद्दलचा त्यांचा अंदाज खरा ठरला.

त्यांची एक खूण महाराष्ट्रातही आहे. जळगाव, पुणे परिसरातल्या बेसाल्ट खडकात सापडणाऱ्या अपोफिलाइट या चमकदार खनिजाचे नाव त्यांनीच १८०६ मध्ये ठेवले. तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात, त्यावरून ग्रीक शब्दांतून ते नाव घडले.