मैला कोणी वाहायचा? अप्पासाहेब पटवर्धनांनी शोधलेले उत्तर

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांना सारे कोकण अप्पासाहेब म्हणून ओळखत असे. जन्म १८९४चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. उच्च शिक्षण घेऊन काही काळ अध्यापन केल्यावर ते गांधीजींच्या कामात ओढले गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. पण ‘कोकणचे गांधी’ ही ओळख त्यांना मिळाली ती झाडू आणि पाटी हाती घेतल्यामुळे.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे भंगीकाम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिले जाई. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितले. नकार मिळताच त्यांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात हे कळल्यावर डिसेंबरमध्ये गांधीजींनीही उपोषण सुरू केले. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर ते थांबले.

मात्र, आपण पाटी उचलल्याने दुसऱ्याच्या डोक्यावरची पाटी कायमची उतरत नाही, हे अप्पासाहेब जाणून होते. स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. मेलेली जनावरे सोलण्याचे काम तेथे त्यांनी स्वतः केले आणि मैला वाहावाच लागू नये असा संडास घडवण्याचाही ध्यास घेतला. हाच पुढे ‘गोपुरी संडास’ म्हणून ओळखला गेला.

त्यामागचे विज्ञान सोपे आहे. संडासाला दोन कप्पे. एक वापरात असताना त्यात माती आणि पालापाचोळा पडत राहतो. तो भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद कप्प्यात सूक्ष्मजीव मैला कुजवतात, ओल कमी होते आणि रोगजंतू हळूहळू मरतात. जंतांची अंडी मात्र चिवट असतात, ती महिनोन्महिने तग धरतात. म्हणून घाई करायची नाही. पुरेसा काळ गेला की उरते ते दुर्गंधी नसलेले खत. आज खेडोपाडी बांधले जाणारे दोन शोषखड्ड्यांचे शौचालयही याच तत्त्वावर चालते. त्यात एका खड्ड्याला किमान वर्षभर विश्रांती देतात.

सेप्टिक टँकचे तसे नाही. त्यात घन भाग तळाशी बसतो, काही कुजतो आणि उरलेला गाळ साचत राहतो. दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. उपसा लांबला की गाळ पाण्याबरोबर बाहेर पडून शोषखड्डा आणि गटार भरून टाकतो. उपसलेला ताजा गाळ निर्धोक नसतो. टँकर ओढ्यात रिकामा झाला, तर घरातली घाण गावाच्या पाण्यात जाते. म्हणून तो प्रक्रिया केंद्रात नेऊन घन आणि द्रव भाग वेगळे करावे लागतात. घन भाग वाळवावा किंवा तापवावा लागतो आणि पाणी शुद्ध करावे लागते. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी टाक्या तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी ठरवून उपसा करण्याची पद्धत आणि त्याला जोडून प्रक्रिया केंद्र सुरू केले.

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या डोंगराळ, धुवाधार पावसाच्या भागात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पावसाळ्यात भूजल वर येते, खड्ड्यातले पाणी विहिरीकडे झिरपू शकते. उन्हाळ्यात तीच विहीर आटत आलेली असते. त्यामुळे खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. टाकी बांधायची तर टँकर तिच्यापर्यंत पोहोचेल का आणि गाळ कुठे जाईल, हे आधीच ठरलेले हवे.

टाकीत माणूस उतरवणे तर जिवावरचे काम आहे. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत शुद्ध हरपवतो आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

अप्पासाहेब १९७१ साली गेले. टाकी, टँकर आणि केंद्र यांची योजना आखताना त्यांचा प्रश्न आजही विचारावा लागतो: या साखळीत कुठेही माणसाचा हात मैल्याला लागतो का? लागत असेल, तर योजना अपुरी आहे.