वाटाण्याच्या वेलाने मिळविलेली पत

दादासाहेब फाळके यांचे चरित्र आपल्याकडे बहुधा १९१३ पासून, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्याआधीचे वर्ष अधिक मोलाचे वाटावयास हवे. कथापट काढण्याचा धंदा या देशात रुजलेला नसताना त्यासाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न त्या वर्षी त्यांच्यापुढे उभा होता आणि त्याचे उत्तर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याकडून मिळविले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, तो मोडला. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडली. मुद्रणात नाव मिळविले, परंतु भागीदारांशी न पटल्याने तोही धंदा सुटला. चाळिशी गाठलेल्या या संसारी गृहस्थाने १९११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्याला दुसरे काही सुचेनासे झाले. रात्रंदिवस चित्रपट पाहून व प्रयोग करून काही काळ दृष्टीही गेली. ती परत येताच विमा पॉलिसी गहाण पडली. फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले आणि दोन महिन्यांच्या आत विल्यम्सन कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

यंत्र आले, पण भांडवल कोठे होते? पॉलिसी आधीच अडकलेली. धंदा बुडालेल्या माणसाच्या शब्दावर सावकार पैसा देत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणता येणार नाही. तारण नसेल तर निदान प्रत्यय तरी द्यावयास हवा. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोपाची थांबून थांबून एकेक चित्रे घेत गेले. ती सलग दाखविताच बी फुटले, कोंब वर आला आणि त्याचा वेल झाला. महिनाभराची वाढ मिनिटाच्या आसपास पडद्यावर उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रपटाचे नाव.

दिवसाला एकच चित्र घेतले, अशी कथा सांगण्यात येते. पण हिशेब केल्यास ती टिकत नाही. सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० लागतात. महिनाभरात ती घ्यावयाची म्हणजे दिवसाकाठी सरासरी ३२ हवीत. कॅमेरा तसूभर न हलविता, उजेड सांभाळीत, तेच काम महिनाभर करावयाचे! दंतकथेने हे कष्ट उगाच कमी केले आहेत.

भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल पेरणाऱ्या आमच्या महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला बी कसे रुजते हे कोणी सांगावयास नको. पण त्याला दिसते ते वाढलेले रोप. प्रत्यक्ष वाढणे त्याच्याही डोळ्यांना कधी दिसत नाही. आज हे काम खिशातला फोन आपोआप करतो, म्हणून त्या वेळच्या प्रेक्षकाचा अचंबा आपल्याला कळणे कठीण. तो अचंबा हेच फाळक्यांचे तारण ठरले. तो चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक कर्ज देण्यास पुढे आले.

कर्ज मिळाले तरी ओढाताण संपली नाही. सरस्वतीबाईंचे दागिने या धंद्यात गेले. कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, ती धुणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामेही त्यांच्याकडेच होती. या बाईंच्या श्रमाची मजुरी कोणत्याही जमाखर्चात लिहिलेली नाही. भागीदारांच्या यादीत मात्र त्यांचे नाव पहिले असावयास हवे होते. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला आणि चालला.

एकेक चित्र घेण्याची युक्ती फाळक्यांनी नंतरही सोडली नाही. महायुद्धाच्या काळात पैसा व माल दोन्हींची टंचाई असताना, १९१५ च्या सुमारास, त्यांनी आगकाड्यांनाच नट केले. ‘आगकाड्यांची मौज’मधील हे नट पगार मागत नव्हते, हा काटकसरी विचार त्यांच्या मनात आला नसेल असे मला वाटत नाही.

१९१८ मध्ये मुंबईच्या धनिकांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. आता पैसा मुबलक होता. परंतु खर्चाचा जाब विचारणारेही होते. फाळके कंपनी सोडून काशीस गेले, तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुढे ते कंपनीत परतले. बोलपटाच्या युगात कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी उभारलेल्या धंद्यात इतरांचे लाखो रुपये फिरत होते.