डॉ. सॅम्युएल हाऊ आणि त्यांची लॉरा



हेलन केलरचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. तिच्या पन्नास वर्षे आधी अशाच एका मुलीला बोलते करणाऱ्या डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांना मात्र आपण फारसे ओळखत नाही.

त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १८०१ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. वडिलांचा दोरखंड बनवण्याचा मोठा व्यवसाय होता. १८२४ साली डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटणे सोपे होते. पण हा तरुण गेला ग्रीसला, तुर्कांविरुद्ध लढणाऱ्यांच्या जखमा बांधायला. १८३१ साली बोस्टनच्या नियोजित अंधशाळेची धुरा त्यांच्यावर आली. अशा शाळा पाहायला ते युरोपात गेले आणि पोलिश निर्वासितांना मदत केली म्हणून काही आठवडे बर्लिनच्या तुरुंगात पडले. स्वस्थ बसणे त्यांना ठाऊकच नव्हते! १८३२ साली वडिलांच्या घरातच शाळा सुरू झाली. पुढे पर्किन्स नावाच्या व्यापाऱ्याने आपला वाडा दिला आणि शाळेला त्याचे नाव मिळाले.

१८३७ साली तेथे लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची मुलगी आली. दोन वर्षांची असताना तापात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. वासही जवळजवळ येत नव्हता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही घोकले होते की, बुद्धीत जे येते ते इंद्रियांच्या वाटेने येते. इथे उरली होती ती स्पर्शाची एकच वाट.

डॉक्टरांनी चमचा, चावी, सुरी अशा वस्तूंवर उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. लॉरा त्या चाचपायची. मग सुट्या चिठ्ठ्या योग्य वस्तूवर ठेवू लागली. पण ती नुसती नक्कल होती. नंतर सुटी अक्षरे दिली. असे कित्येक आठवडे गेले. एके दिवशी तिचा चेहरा उजळला. आपल्या मनातले दुसऱ्याला कळवता येते, हे तिला उमगले होते! पुढे ती तळहातावर बोटांनी अक्षरे काढून बोलू लागली. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिला भेटला आणि त्याने आपल्या पुस्तकात तिच्याविषयी लिहिले.

डॉ. हाऊ युनिटेरियन पंथाचे होते. कोणी न शिकवता मुलाचे मन आपोआप देवाकडे वळते, असे त्यांचे मत. म्हणून लॉराला धर्मशिक्षण देऊ नये, अशी त्यांनी शिक्षिकांना ताकीद दिली. १८४३ साली श्रीमंत बँकरची कन्या ज्युलिया वॉर्ड हिच्याशी विवाह करून ते युरोपला गेले. त्यांच्यामागे इतरांनी लॉराला प्रभू येशूविषयी सांगितले. परत आल्यावर डॉक्टर संतापले. प्रयोग फसला असे त्यांना वाटले आणि तिच्यातले त्यांचे लक्ष उडाले. डॉक्टरांच्या थोरवीबद्दल आम्हांला शंका नाही, पण इथे ते चुकले असेच आम्ही म्हणू. श्रद्धा ऐकण्यातून येते ही संत पौलाची शिकवण. लॉराने तर ती तळहातावर ऐकली! मोठेपणी तिने बाप्तिस्मा घेतला.

तरीही तिला शाळेत कायमचे घर मिळाले. डॉक्टर ९ जानेवारी १८७६ रोजी वारले, लॉरा १८८९ साली. त्याच शाळेतील ॲन सुलिव्हन ही तरुणी लॉराशी बोलता यावे म्हणून बोटांची भाषा शिकली होती. डिकन्सचे पुस्तक वाचून हेलनच्या आईला आशा वाटू लागली होती, आणि १८८७ साली ॲन हेलनला शिकवायला निघाली. शाळेतल्या अंध मुलांनी हेलनसाठी एक बाहुली पाठवली होती. तिचे कपडे लॉराने शिवले होते. हेलनच्या तळहातावर ॲनने पहिला शब्द लिहिला तो बाहुली हाच.