गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर (१४ ऑगस्ट १९०७ – ८ ऑक्टोबर १९९६) या कम्युनिस्ट नेत्या, लेखिका आणि ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या लढ्याच्या संघटक होत्या. पुण्यातील वकील लक्ष्मणराव गोखले यांच्या त्या कन्या. कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. १९३९ मध्ये त्यांचा विवाह शामराव परुळेकर यांच्याशी झाला.

वारल्यांमधील कार्य

डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत रूढ होती. लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली पत्नीसह सावकाराकडे राबत असे. जमीनदारासमोर मान खाली घालणे आणि मनातले न बोलणे हा त्यांच्यासाठी स्वसंरक्षणाचा मार्ग होता. शहरातून आलेली सुशिक्षित स्त्रीही त्यांना प्रथम परकीच वाटणे स्वाभाविक होते. गोदावरीबाईंनी केवळ भाषणांवर विसंबून न राहता पाड्यापाड्यांतून पायी फिरणे, झोपडीत मुक्काम आणि वारल्यांसोबत जेवण हा मार्ग स्वीकारला. त्या सर्वांच्या 'गोदूताई' झाल्या.

२३ मे १९४५ रोजी झरी (तलासरी) येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमावावर झालेल्या पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले; तरीही चळवळ थांबली नाही.

लेखन

'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात त्यांनी हा लढा नोंदवला. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दबलेला माणूस मान वर करून बोलू लागतो, हा बदल त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.