एका पडण्याने करिअर संपलं, पण सहकाऱ्याने साथ सोडली नाही

मॉरिस स्टोक्स हा १९५० च्या दशकातला अमेरिकी बास्केटबॉलचा कृष्णवर्णीय स्टार. एनबीएमध्ये पहिल्याच मोसमात तो सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. १२ मार्च १९५८ ला सामन्यात पडून त्याच्या डोक्याला मार लागला. शुद्धीवर येताच तो पुन्हा खेळला. तीनच दिवसांनी विमानात त्याची प्रकृती ढासळली आणि शरीर लुळं पडलं. वय होतं अवघं २४!

उपचारांचा खर्च अफाट होता. तेव्हा सिनसिनाटी रॉयल्स संघातला त्याचा गोरा सहकारी जॅक ट्वायमन कायदेशीर पालक म्हणून पुढे आला. उपचारांसाठी त्याने मदतनिधीचे सामने भरवले. १९७० मध्ये ३६ व्या वर्षी स्टोक्सचं निधन झालं. २००४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला. तो स्वीकारायला ट्वायमनच उभा होता.